साहेबांना मेमरी रिकामी लागायची

दूध नासलं की ते हुंगूनच कळतं. पण आमच्या साहेबांना ते सगळ्या लाइनीला दाखवायचं असायचं. त्या सकाळी त्यांनी एका म्हाताऱ्याला त्याचा कॅन उचलायला लावला आणि त्याच्याच हातानं गटारात ओतायला लावला. स्वतः व्हरांड्यात खुर्ची टाकून बसले होते. ओतताना म्हातारा साहेबांकडं बघत नव्हता. तो खिडकीत पावत्या काढणाऱ्या आपांकडं बघत होता, जणू त्यांनीच त्यात लिंबू पिळलं होतं.

हे भूम तालुक्यातलं एक खाजगी दूध शीतकरण केंद्र. नाव सांगत नाही, सांगून काही फायदाही नाही. गावोगावचं दूध टेम्पोतून, मोटारसायकलवरून कॅननं यायचं. वजन व्हायचं, फॅट लागायचा, खिडकीवरच्या कॉम्प्युटरवर नोंद व्हायची, पावती निघायची, मग दूध थंड टाकीत. पावतीशिवाय थेंबसुद्धा टाकीत जाणार नाही, हा साहेबांचा नियम. थंडीत या नियमाचं कुणाला काही वाटलं नाही. पावतीला वेळ तेव्हाही लागायचा, पण उन्हाळा लागला आणि कॅन उन्हात उभे राहायला लागले. मग रोज कुणाचं ना कुणाचं दूध जायचं.

मी तिथं कॉम्प्युटरचं सगळं बघायचो. हुद्दा विचाराल तर ‘संगणक चालक’. काम मात्र सर्व्हरपासून प्रिंटरच्या शाईपर्यंत. धाराशिवच्या कॉलेजात एसटीनं जाऊन येऊन बीएस्सी केलं, कॉम्प्युटर सायन्समध्ये. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीची पायरी चढलेलं नव्हतं. माझे वडील याच केंद्रात कॅन धुवायचे. हे मी कधी लपवलं नाही आणि माझ्या डिग्रीबद्दल कधी मान खाली घालून बोललोही नाही. लोकांना त्याचा त्रास व्हायचा. होऊ दे.

खिडक्या दोन होत्या. एका खिडकीवर साहेबांचा भाचा, चांगला तिशीचा गडी. त्याची खिडकी अडकली की तो सरळ उठून टपरीवर जायचा. मग सगळी लाइन दुसऱ्या खिडकीवर, म्हणजे आपांच्या. आपा चाळिशीच्या, भूममध्येच भावाकडं राहायच्या. नवरा वारल्यावर भावानं घरात घेतलं होतं. पण त्या घरातलं त्यांचं ताट या नोकरीवर होतं, हे त्यांनी मला एकदा अगदी साधेपणानं सांगितलं होतं, भाजीत मीठ कमी झालंय म्हणावं तसं. नोकरी गेली तर भाऊ हाकलणार नव्हता. नुसता रोज बोलणार होता.

कॅन ओतून झाल्यावर साहेब उठले आणि खिडकीशी आले.

“आपा, बोटांना मेंदी लावलीय का? वाळंपर्यंत हलवायची न्हाईत असं काही हाय का तुमच्यात?”

लाइन हसली. विधवा बाईला मेंदीचं बोलणं कुठं लागतं ते लाइनीतल्या प्रत्येकाला ठाऊक होतं, म्हणूनच हसली. आपांनी मान वर केली नाही. पडद्यावर गोल चकरी फिरत होती, तिच्याकडं बघत बसल्या.

मग साहेब माझ्याकडं वळले. “काय रं बीएस्सी. यंत्र नवं हाय म्हणला व्हतास ना? मग यंत्र मंद का बाई मंद? दोघांपैकी एकाचा दोष असंल. बाजारच्या दिवसापर्यंत सांग मला. यंत्राचा न्हाय निघाला तर बाईनं घरी बसायचं.” आणि जाता जाता, आवाज न चढवता, “तुझ्या बापानं कॅन धुतले, ते तरी चकाकायचे.”

मी ते ऐकून घेतलं. उत्तर द्यायचं तर ते सर्व्हर दुरुस्त करून द्यायचं, असं मी ठरवलं.

आधी सोपं ते बघितलं. केबल उंदरानं कुरतडली असेल म्हणून माळ्यावर चढलो. उंदीर होते, केबल धड होती. प्रिंटर बदलून बघितला. सॉफ्टवेअरवाल्या पुण्याच्या माणसाला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतल्यासारखं केलं आणि म्हणाला, मेमरी वाढवा. साहेबांनी शिव्या देत मेमरी आणली, मी बसवली. तसूभर फरक पडला नाही. ही गोष्ट साहेबांनी लाइनीत स्वतः सांगितली, माझ्यासमोर, मीठमिरची लावून.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीन खेळ काढला. आपांना उठवलं आणि मला त्यांच्या खुर्चीत बसवलं. “शिकलेल्या बोटांनी बघू.” आपांना बाजूला उभं केलं. बसा कुणी म्हणालं नाही आणि त्यांच्यासाठी दुसरी खुर्चीही नव्हती. मी टाइप करायला लागलो. काही कॅन झटाझट गेले, लाइन पुढं सरकली, आणि माझ्या मनात एक घाणेरडा विचार येऊन गेला की बाईच मंद आहे की काय. तेवढ्यात चकरी फिरायला लागली. फिरत राहिली. मग परत सुटलं, परत अडकलं. लाइनीतून कुणीतरी म्हणालं, “बीएस्सीची पण बोटं गार पडली,” आणि त्या दिवशी आपांना हसलेली तीच लाइन आता मला हसली. आपा मात्र हसल्या नाहीत. पाय दुखत असतील, एकदा या पायावर, एकदा त्या पायावर उभ्या होत्या. मी उठतो म्हणालो तर साहेबांनी हातानंच बस अशी खूण केली. शेवटचा कॅन जाईपर्यंत त्यांना तसंच उभं ठेवलं.

पण त्या अपमानातून मला एक कळलं. सर्व्हर सारखा मंद नव्हता. तो सुटायचा आणि अडकायचा, सुटायचा आणि अडकायचा. म्हातारं माणूस मंद असतं ते सगळीकडंच मंद असतं. असं ठरवून अडकत नाही. कुणीतरी अडवत होतं.

दुपारी संकलन संपल्यावर सर्व्हरपुढं बसलो. यंत्र लिनक्स नावाच्या सिस्टीमवर चालणारं. मेमरी किती वापरात, किती मोकळी, डिस्कवरून किती वाचलं जातंय, हे आकडे सारखे दिसत राहतील असं लावलं आणि दुसऱ्या कॉम्प्युटरवरून खोट्या नोंदी टाकत गेलो. सुरुवातीला डिस्क कामाला लागली, मग हळूहळू शांत झाली, पावत्या पटापट निघायला लागल्या. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत मेमरीतला साठा एका फटक्यात खाली आला. बूच काढल्यावर टाकी रिकामी व्हावी तसा. डिस्क परत घरघरायला लागली, चकरी सुरू झाली.

हे कॉम्प्युटर न शिकलेल्यालाही समजेल असं सांगतो. डिस्क म्हणजे लांबची विहीर. तिथून माहिती आणायला वेळ लागतो, आमची डिस्क तर जुन्या पद्धतीची, फिरणारी. म्हणून लिनक्स एकदा आणलेली माहिती मोकळ्या मेमरीत हाताशी भरून ठेवतं. गवळ्याचं खातं, त्याचा दर, मागच्या नोंदी. परत लागली की विहिरीला जायला नको. या साठ्याला कॅश म्हणतात. दुसऱ्या कामाला जागा लागली तर लिनक्स तो साठा आपणहून सोडतं. त्यामुळं मेमरी भरलेली दिसते ती आजारानं नाही, शहाणपणानं.

आमच्या सर्व्हरमध्ये आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत एक ओळ होती. दर थोड्या मिनिटांनी हा सगळा साठा फेकून द्या, असा तिचा हुकूम. वर सगळ्या नोंदी सांभाळणाऱ्या डेटाबेसला स्वतःचा साठा ठेवायला जी जागा देतात, तीही कुणीतरी आवळून चिमूटभर करून ठेवली होती. म्हणजे घरात पाणी भरायचं, सांडून द्यायचं, आणि तहान लागली की पळत विहिरीला. आम्ही नवीन मेमरी घातली ती या सांडण्यात अजून एक घागर.

मला हसू आलं नाही. हा वेडेपणा मी जन्मापासून बघतोय. आमच्याकडं नळाला आठवड्यातून एखाद्या वेळी पाणी येतं, आणि नळ आला रे आला की बायका पिंप, हंडे, घागरी सगळ्या उपड्या करतात. कालपर्यंत जपून वापरलेलं पाणी नवीन पाणी आलं म्हणून एका क्षणात शिळं होतं. गल्लीत पूर येतो. आणि मधेच लाइट गेली, नळ गेला, की रिकामी भांडी घेऊन त्याच बायका टँकरमागं. माझी आईही तेच करते. मी एकदा तिला त्यावरून वाटेल ते बोललो होतो. ती म्हणाली, शिळं पाणी देवाला चालत नाही. देवाला ताजं पाणी मिळालं, आम्ही दोन दिवस शेजाऱ्यांच्या दारात.

ती ओळ मी काढून टाकली. डेटाबेसला नीट जागा दिली. सर्व्हर बंद करून चालू केला आणि घरी गेलो.

दुसऱ्या सकाळी लाइन वाहत होती, दुसरा शब्द नाही. आपांची बोटं कशी चालतात हे लोकांनी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं असेल. नंबर टाकला की पावती, नंबर टाकला की पावती. कॅन जमिनीला टेकायच्या आत उचलायला लागायचा. एकाचंही दूध गेलं नाही. मधे एकदा आपांनी माझ्याकडं बघितलं आणि भुवया नुसत्या वर केल्या. मला त्या क्षणी काय वाटलं ते सांगतो, मला माझ्या डिग्रीचं सर्टिफिकेट परत एकदा मिळाल्यासारखं वाटलं.

तेवढ्यात साहेबांचं बोलावणं आलं.

त्यांच्या केबिनमध्ये भिंतीला एक मोठा पडदा होता, सर्व्हरची तब्येत दाखवणारा. मेमरीची पट्टी त्यावर कायम हिरवी, आखूड असायची. आज ती लालभडक होती, शेवटपर्यंत भरलेली. साहेब मला हाताला धरून बाहेर व्हरांड्यात घेऊन आले. अशी कामं ते कधी बंद दाराआड करायचे नाहीत.

“नवी मेमरी घातली आणि एका रातीत भरून टाकली. मी तुझ्याआधीच्या पोराला खडसावून सांगितलं व्हतं, मेमरी भरू द्यायची न्हाय. भरली की साफ. मीच ते लावून घेतलं व्हतं. तू कुणाला इचारून काढलंस?”

झालं. दोषी कोण, ते त्यांनी स्वतःच्या तोंडानं, भरल्या लाइनीत सांगितलं. मी शोधायला गेलो असतो तर मला ते सिद्ध करता आलं नसतं.

मी म्हणालो, “साहेब, मेमरी साफ होत होती म्हणूनच सर्व्हर अडकत होता. नळ आला की तुमच्या गच्चीवरची टाकी तुम्ही पाइप लावून रस्त्यावर सोडता ना, पाणी शिळं झालं म्हणून? तेच तुम्ही इथं दर थोड्या मिनिटांनी करत होता. लोकांचं दूध त्यात नासलं.”

साहेबांच्या टाकीचं पाणी रस्त्यावरून वाहतं ते अख्ख्या भूमनं बघितलेलं. लाइनीत मागून कुणीतरी फिसकन हसलं आणि खोकल्यात दाबलं.

साहेबांनी चिडायला पाहिजे होतं. ते चिडले नाहीत. मला म्हणाले, “म्हंजी बाईचा दोष न्हवता.”

“नव्हता.”

“यंत्राचा व्हता.”

“यंत्राचाही नव्हता,” मी म्हणालो.

ते खिडकीकडं बघत राहिले. भाचा टपरीवर होता आणि आपा एकट्या अख्खी लाइन काढत होत्या. ऊन अजून व्हरांड्याच्या पायरीवर आलं नव्हतं आणि लाइनीचं शेपूट दिसायला लागलं होतं. साहेब ते बघत होते आणि त्यांचा चेहरा हळूहळू मोकळा होत गेला. हिशेब जुळलेल्या माणसासारखा.

“आता एका खिडकीत भागतंय की रं,” ते म्हणाले. “दोन माणसं कशाला पोसू?”

मला वाटलं भाच्याला हलवतील. इतका मी तेव्हा मूर्ख होतो असं म्हणत नाही, पण क्षणभर वाटलं खरं. साहेब खिडकीशी गेले आणि अगदी गोड आवाजात म्हणाले, “आपा, लई कष्ट केले तुम्ही. आता यंत्र नीट झालंय. उद्यापासून आराम करा.”

मी मधे पडलो. म्हणालो, तुम्हीच बोलला होता, यंत्राचा दोष नाही निघाला तरच बाईनं जायचं. आता यंत्र नीट झालंय म्हणता, म्हणजे तुमच्या हिशेबानं यंत्राचा निघाला ना? मग त्यांनी का जायचं?

“यंत्राचा निघाला म्हणूनच,” साहेब म्हणाले. “यंत्र मंद व्हतं तवर बाई लागत व्हती.” मग पडद्याची आठवण होऊन, “आणि ती लाल पट्टी हिरवी कर. मला लाल बघवत न्हाय.”

ती पट्टी मी नंतर हिरवी केली. पडद्यावर ‘वापरात’ हा आकडा यायचा, त्याऐवजी ‘हवी तेव्हा मिळेल अशी’ मेमरी दाखवायला लावली. तेवढं केलं की मोकळंच मोकळं दिसतं. साहेबांनी ते बघून मान डोलवली. त्यांना वाटलं मी साफसफाई परत चालू केली. मी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. तो सर्व्हर त्यांच्या समजुतीवर परत सोडायची माझी तयारी नव्हती.

लाइन संपल्यावर आपा डबा पिशवीत भरत होत्या. मी खिडकीशी गेलो. जे बोलायला गेलो होतो ते बोललो. एक ओळ मी काढलीय, ती परत टाकायला मला काही वेळ लागणार नाही. सर्व्हर परत अडकेल, दोन खिडक्या लागतील, साहेबांना तुम्हाला परत बोलवावं लागेल. कुणाला कळणार नाही. मी हे खरंच करणार होतो. माझ्या हातानं नीट केलेलं काम मी मोडणार होतो, आणि माझ्यासारख्या माणसासाठी ते बोलणं सोपं नव्हतं.

आपांनी पिशवीची गाठ मारली. “नक्को भाऊ. परत अडकलं तर परत माझीच बोटं मंद. आन मधे दूध कुणाचं नासंल, ते माझ्या नावानं ओततील.” मग जरा थांबून म्हणाल्या, “मंद असलं की माझी चूक, जलद झालं की मी जादा. तुम्ही काय बी करा, मी त्यात बसत न्हाय.”

मी त्यांच्याशी वाद घातला नाही. कारण त्या बरोबर होत्या आणि मला बरोबर माणसाशी वाद घालायची सवय नाही.

इथपर्यंतचं मला पचलं असतं. साहेब तसेच होते, त्यांच्याकडून वेगळं काही अपेक्षित नव्हतं. पचलं नाही ते पुढचं. सर्व्हर नीट झाला आणि एका दिवसात आपा गेल्या. बऱ्याच गावांचे गवळी पाळीनं, दिवसाआड दूध घेऊन यायचे. ते आले तेव्हा त्यांना एवढंच दिसलं की खिडकीत आपा नाहीत आणि लाइन पळतीय. ज्याचा कॅन गटारात ओतला होता तो म्हातारा मला म्हणाला, “बाई गेली ते ब्येस झालं बघा. कशी भराभरा पावती निघती आता.” मी त्याला सगळं सांगितलं. मेमरी सांगितली, नळाचं पाणी सांगितलं, साहेबांचा हुकूम सांगितला. तो “व्हय, व्हय” म्हणाला, पावती टोपीत खोचली आणि पुढच्याला म्हणाला, “बाईचा हातच चालत न्हवता.” ज्यांनी माझं आणि साहेबांचं बोलणं कानांनी ऐकलं होतं, त्यातलेही काही असंच बोलायला लागले. साहेबांनी कुणाला खोडलं नाही. कशाला खोडतील?

ही गोष्ट गावोगाव दुधाच्या टेम्पोबरोबर गेली. म्हणजे ती भूमच्या पेठेतही आली असणार. आपांच्या भावाचं तिथं किराणा दुकान होतं. मी बाजारच्या दिवशी मुद्दाम तिकडं गेलो. माझ्या कामाची गोष्ट दुसऱ्या कुणी आपल्या मनानं सांगितलेली मला चालत नाही. मी काय केलं आणि कशामुळं केलं हे त्या घरात माझ्या तोंडून गेलं पाहिजे, असं मला वाटलं.

दुकानात गर्दी होती. आपा काट्यावर बसून साखर, शेंगदाणे मोजून पुड्या बांधत होत्या. मला बघून त्यांनी पदर सारखा केला आणि परत मान खाली घातली. भाऊ गल्ल्यावर. मी ओळख सांगितली, आणि तिथंच उभा राहून बोललो, मोठ्यानं, गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं. यांच्या हाताचा काही दोष नव्हता, यंत्र चुकीचं लावलं होतं, ते मी शोधलं, ते मी दुरुस्त केलं. त्या केंद्रात यांच्याइतकं भराभर काम करणारं कुणी नव्हतं आणि आजही नाही.

भावानं माझं सगळं ऐकून घेतलं. तो वाईट माणूस नव्हता. मला स्टूल पुढं केलं.

“तुम्ही शिकलेले लोक,” तो म्हणाला, “तुम्ही म्हणताय तर असंल तसं. पण ही उठली आन लाइन चालू झाली, हे तर समद्या गावानं बघितलं.”

मला त्यावर बोलता आलं असतं. पण त्याच्या नजरेत माझ्याबद्दल काही वाईट नव्हतं, संशयही नव्हता. त्याचं आधीच ठरलं होतं. मी स्टुलावर बसलो नाही. आलोच आहे तर रिकाम्या हातानं नको म्हणून एक किलो साखर मागितली.

आपांनी काट्यावर कागद ठेवला, त्यात साखर ओतायला लागल्या. आकडा हलत होता, त्या थोडी टाकत होत्या, थोडी काढत होत्या, बरोबर एक किलो व्हावी म्हणून.

“आपा, जरा हात उचला,” भाऊ पैसे मोजता मोजता, मान वर न करता म्हणाला. “गिऱ्हाईक उभं हाय.”

ते गिऱ्हाईक मी होतो.